टेलिकन्व्हर्टर घेण्याआधी लेन्सची मागची बाजू बघा

हिवाळा सुरू झाला, उजनीच्या पाण्यावर रोहित आणि पट्टकादंब उतरले, की मला एकाच प्रश्नाचे फोन यायला लागतात: "ताई, माझ्या कॅमेऱ्याला टीसी चालेल का?" टीसी म्हणजे टेलिकन्व्हर्टर. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा नुकताच मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतलेला असतो. सोबत एखादी लांब पल्ल्याची झूम असते आणि भिगवणच्या बोटीतून पक्षी फ्रेममध्ये अजून थोडा मोठा हवा असतो. मी उलट विचारते, लेन्स कोणती? पूर्ण नाव सांगा, तिच्यावर छापलंय तसं. टेलिकन्व्हर्टर बसणार की नाही हे लेन्स ठरवते. कॅमेऱ्याचा नंबर त्यानंतर येतो, आणि उजेडाचा सगळ्यात शेवटी. पैसे घालायचे असतील तर याच क्रमाने तपासा.

मी बारामतीची. कॅननचा आर५ कॅमेरा आणि आरएफ (कॅननच्या मिररलेसचं लेन्स-घराणं) १००-५०० लेन्स वापरते, १.४एक्स, म्हणजे प्रतिमा १.४ पट करणारा टीसी, कायम बॅगेत असतो. धाकटा भाऊ सोनीवर २००-६०० लावतो. त्यामुळे या दोन जोड्या रोजच्या हाताळणीतल्या आहेत आणि इथे त्यांच्याबद्दल जास्त बोलेन.

आधी काच काचेला लागते का ते बघा

टेलिकन्व्हर्टर लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसतो आणि लेन्सने तयार केलेली प्रतिमा मोठी करतो. १.४एक्सने ५०० मिलिमीटरचे ७०० होतात, २एक्सने १०००. आता तो हातात घेऊन समोरून बघा. मिररलेससाठीच्या बहुतेक टेलिकन्व्हर्टरांची पुढची काच माऊंटच्या, म्हणजे लेन्स जोडायच्या, कड्यातून बाहेर आलेली दिसेल. ही काच लेन्सच्या पोटात शिरते. म्हणजे लेन्सच्या मागच्या बाजूला तेवढी रिकामी जागा हवी. काही लेन्समध्ये मागची काच माऊंटच्या अगदी जवळ असते. काही झूममध्ये ती झूम फिरवताना मागे-पुढे सरकते. अशा लेन्सला टीसी बसतच नाही, किंवा झूमच्या काही भागातच बसतो.

माझी आरएफ १००-५०० याचं नेमकं उदाहरण आहे. तिला १.४एक्स आणि २एक्स दोन्ही चालतात, पण झूम ३०० ते ५०० यांच्यामध्ये असेल तरच. लावण्याआधी झूम ३०० च्या पुढे न्यायचा, मग टीसी बसवायचा. त्यानंतर रिंग ३०० च्या खाली येत नाही. म्हणजे १.४एक्स लावल्यावर तुमच्या हातात ४२० ते ७०० ची लेन्स उरते. बोटीच्या अगदी जवळ एखादा चित्रबलाक उतरला तर मागे सरकायला जागाच नाही. शिवाय टीसी लावलेला असताना लेन्स पूर्ण मिटत नाही, त्यामुळे बॅग तेवढ्या लांबीची लागते. ही लेन्स घेताना दुकानात हे कुणी आपणहून सांगेल याची खात्री नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

कॅननचीच आरएफ २००-८०० मात्र पूर्ण झूममध्ये दोन्ही टीसी घेते. स्वस्तातली आरएफ १००-४०० सुद्धा घेते. म्हणजे महाग लेन्सला चालतो आणि स्वस्त लेन्सला चालत नाही असा काही नियम नाही. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० या दोन्हींचा झूम आतल्या आत होतो, बाहेरून लांबी बदलत नाही, आणि टीसी लावल्यावरही पूर्ण झूम वापरता येतो. बोटीत किंवा गाडीच्या खिडकीतून काम करणाऱ्यांना हा मोठा फायदा आहे.

नावातलं एक अक्षर महत्त्वाचं

सगळ्यात जास्त गोंधळ ७०-२०० मध्ये होतो. कॅननची २०१९ ची आरएफ ७०-२०० एफ/२.८ टेलिकन्व्हर्टर घेत नाही. २०२४ मध्ये त्याच आकड्यांची, शेवटी 'झेड' असलेली नवी लेन्स आली, ती घेते. आरएफ ७०-२०० एफ/४ घेत नाही. सोनीकडे जुनी ७०-२०० एफ/४ जी घेत नाही, २०२३ ची मॅक्रो जी टू घेते. एफ/२.८ च्या दोन्ही जीएम घेतात. सोनीच्या ७०-३०० आणि ७०-३५० ला मात्र चालत नाही. जुन्या बाजारात लेन्स बघत असाल तर विकणाऱ्याकडून पेटीवरच्या नावाचा फोटो मागवा. "सेव्हन्टी टू हंड्रेड आहे" एवढ्यावर काही ठरवू नका.

दुसरी अडचण माऊंटची. सिग्माची १५०-६०० डीजी डीएन स्पोर्ट्स एल-माऊंटमध्ये (पॅनासॉनिक, सिग्मा यांच्या कॅमेऱ्यांची जोडणी) घेतली तर सिग्माचेच १.४एक्स आणि २एक्स तिला बसतात. तीच लेन्स सोनीच्या ई-माऊंटमध्ये घेतली तर टेलिकन्व्हर्टरचा रस्ता बंद. सोनीचा टीसी तिला चालत नाही आणि सिग्मा ई-माऊंटसाठी टीसी बनवत नाही. टॅमरॉनची १५०-५०० तर कुठल्याच मिररलेस माऊंटवर टेलिकन्व्हर्टर घेत नाही. या दोन्ही लेन्स चांगल्या आहेत, किमतीच्या मानाने फारच चांगल्या. पण पुढे कधीतरी टीसी लावू असा विचार करून सोनीवाल्याने त्या घेऊ नयेत. त्याने सरळ २००-६०० घ्यावी.

फुजीमध्ये ५०-१४०, ७०-३००, १००-४००, १५०-६०० आणि ५०० एफ/५.६ यांना चालतो, ५५-२०० ला नाही. ओएम सिस्टिममध्ये ४०-१५० एफ/२.८, ३०० एफ/४ आणि १००-४०० यांना एमसी-१४ व एमसी-२० बसतात. ७५-३०० ला नाही, आणि ४०-१५० च्या एफ/४ वाल्या भावंडालाही नाही.

प्रत्येक कंपनी आपल्या टेलिकन्व्हर्टरच्या पानावर कुठल्या लेन्सला तो चालतो याची यादी देते. तीच शेवटची खातरजमा. त्या यादीत लेन्स नसेल तर "एकाने लावून बघितला, चाललं" या ऐकीव माहितीवर काच घासून घेऊ नका.

जुन्या लेन्स आणि अॅडॅप्टर

डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) काळातली लेन्स अॅडॅप्टरने मिररलेसवर लावणारे आपल्याकडे खूप आहेत, आणि ते शहाणपणाचंच आहे. इथे नियम सोपा आहे: टेलिकन्व्हर्टर लेन्सच्या घराण्यातला हवा. कॅननची ईएफ (डीएसएलआरचं लेन्स-घराणं) १००-४०० टू असेल तर ईएफचाच १.४एक्स थ्री लागेल, आणि क्रम असा राहील: कॅमेरा, मग ईएफ-ईओएस आर अॅडॅप्टर, मग ईएफ टीसी, मग लेन्स. आरएफचा टीसी अॅडॅप्टर आणि कॅमेरा यांच्यामध्ये घालता येत नाही. निकॉनमध्येही तसंच. ५०० पीएफ किंवा २००-५०० असेल तर कॅमेरा, एफटीझेड (निकॉनचा अॅडॅप्टर), टीसी-१४ई थ्री आणि मग लेन्स. झेडचा, म्हणजे निकॉन मिररलेसचा, टीसी एफटीझेडबरोबर चालत नाही.

उलटंही लक्षात ठेवा. ईएफचा पांढरा १.४एक्स थ्री आणि आरएफचा पांढरा १.४एक्स जाहिरातीतल्या छोट्या फोटोत सारखेच वाटतात. जुना स्वस्त मिळतो म्हणून तो आरएफ लेन्ससाठी घेतला तर तो तिला जोडताच येणार नाही.

उजेड किती जातो

१.४एक्स एक स्टॉप खातो, म्हणजे उजेड निम्मा होतो; २एक्स दोन, म्हणजे उजेड पाव उरतो. कारण साधं आहे. अपर्चरचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले उजेड आत येणाऱ्या वाटेचा व्यास. ६०० मिलिमीटरला एफ/६.३ म्हणजे साधारण ९५ मिलिमीटरची वाट. टीसी लावल्यावर लेन्सचं तोंड काही मोठं होत नाही, फोकल लेंग्थ मात्र ८४० होते. म्हणून आकडा एफ/९ वर जातो. २एक्स लावला तर १२०० मिलिमीटर आणि एफ/१३.

हे प्रत्यक्ष फोटो काढताना कसं दिसतं? सकाळी आठच्या उन्हात १/१६०० सेकंद, एफ/६.३ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० वर मिळणारा फोटो १.४एक्सने आयएसओ १६०० मागतो, २एक्सने ३२००. सूर्य वर आलेला असताना आजच्या कॅमेऱ्यांना हे काहीच नाही. सूर्योदयाच्या वेळी, रोहित गुलाबी दिसतात त्या अर्ध्या तासात, हेच आकडे १२८०० च्या घरात जातात आणि पिसांचा पोत पुसला जातो. मी त्या वेळी टीसी काढून ठेवते आणि थवा पाण्यासकट, धुक्यासकट घेते.

दोन स्टॉप देण्याची ऐपत असलेल्या लेन्स वेगळ्या. सोनीची ३०० एफ/२.८ जीएम २एक्सने ६०० एफ/५.६ होते. निकॉनच्या ४०० एफ/२.८ आणि ६०० एफ/४ मध्ये तर २०२२ पासून १.४एक्स आतच बसवलेला आहे. खटका दाबला की ४०० ची ५६० एफ/४ होते. या लेन्स लाखांच्या हिशेबातल्या आहेत. बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांची झूम टोकाला एफ/६.३ किंवा एफ/७.१ आहे त्यांनी, १.४एक्स घ्यावा आणि २एक्सचा नाद सोडावा, असं माझं ठाम मत आहे. माझ्या १००-५०० ला २एक्स लावला तर टोकाला एफ/१४ मिळतो. तो बसतो, फोकसही होतो. पण मला अजून तरी असा पक्षी भेटलेला नाही की ज्याच्यासाठी मी तो लावला असता.

ऑटोफोकस

मिररलेसने टेलिकन्व्हर्टरला खरं आयुष्य दिलं ते इथे. डीएसएलआरचा फोकस सेन्सर वेगळा असे, आणि एफ/५.६ किंवा फार तर एफ/८ च्या पुढे तो हात टेकायचा. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरूनच होतो. कॅननच्या पहिल्या ईओएस आरची मर्यादा एफ/११ होती. आर५ आणि आर६ एफ/२२ पर्यंत फोकस करतात. शिवाय जुन्या कॅमेऱ्यांत लेन्स आणि टीसीची प्रत्येक जोडी फोकससाठी वेगळी जुळवून घ्यावी लागायची, ती कटकट संपली.

तरी "फोकस होतो" आणि "उडत्या पक्ष्यावर टिकतो" यांत अंतर आहे. उजेड कमी पोहोचला की ऑटोफोकस चाचपडतो. त्यात टीसीमुळे दृष्टीचा कोन अरुंद होतो आणि पाण्यावर झेपावणारा नदीसुरय फ्रेममध्ये सापडेपर्यंत निघूनही गेलेला असतो. दोन सवयी लावून घ्या. लेन्सवर फोकस लिमिटरचा खटका असेल तर तो लांबच्या अंतरावर ठेवा, म्हणजे फोकस जवळच्या गवतापासून आकाशापर्यंत भटकत बसणार नाही. आणि पक्षी येण्याआधी तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या काठीवर, बांधावर फोकस आणून ठेवा. ज्यांचा कॅमेरा जुना आहे त्यांनी माहितीपुस्तिकेत ऑटोफोकस किती अपर्चरपर्यंत चालतो ते बघावं आणि त्या आकड्याशी टीसी लावल्यावरचा आपला अपर्चरचा आकडा जुळवावा.

फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं आणि लेन्समधलं सॉफ्टवेअर, तेही बघा. लेन्स नवी आणि कॅमेरा जुना असेल, किंवा उलट, तर कधीकधी अपडेट केल्याशिवाय जोडी नीट ओळखली जात नाही. सहलीच्या आदल्या रात्री घरी करायचं हे काम आहे, कुंभारगावच्या धक्क्यावर मोबाइलचं नेट शोधत करायचं नाही.

क्रॉप बरा की टीसी?

हा प्रश्न टाळून टेलिकन्व्हर्टर घेऊ नये. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फोटो १.४ पट कापला तर साधारण २३ मेगापिक्सेल उरतात. मोठ्या प्रिंटलाही ते पुरतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढाच क्रॉप १२ वर आणतो, तिथे टीसीचा उपयोग जास्त. याउलट कॅननच्या आर७ सारख्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर ३२.५ मेगापिक्सेल दाटीने बसलेले असतात. तिथे एफ/९, एफ/१० ला डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रतिमा आधीच मऊ झालेली असते आणि टीसीने वाढवलेला आकार तपशील आणेलच असं नाही.

आपल्या जोडीचं उत्तर आपणच काढायचं, आणि ते अंगणात निघतं. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर ताणून चिकटवा. वीस-पंचवीस मीटर मागे जा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा धान्याच्या पिशवीवर ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत. आधी टीसीशिवाय, मग टीसीसह, दोन्ही वेळा शटर स्पीड सारखा ठेवून आणि आयएसओ लागेल तसा वाढू देऊन. दर वेळी फोकस नव्याने घ्या आणि तीन-चार फोटो काढून त्यातला सगळ्यात धारदार निवडा. मग टीसीशिवायचा फोटो संगणकावर मोठा करून दोन्हीतली अक्षरं शेजारी शेजारी वाचा. टीसीच्या फोटोत जी अक्षरं लागतात ती दुसऱ्यात लागत नसतील तर टीसी कामाचा. सारखीच लागत असतील तर पैसे वाचवा. टीसी भाड्याने मिळतो, मित्राकडे असतो. विकत घेण्याआधी ही परीक्षा घ्याच.

आता माळरानाबद्दल. कडबनवाडीच्या गवताळ माळावर, किंवा उजनीच्या उघड्या पाण्यावर, सकाळी नऊ-साडेनऊनंतर तापलेली हवा थरथरायला लागते. शंभर-दीडशे मीटरवरचा चिंकारा त्या हवेतून उकळत्या तेलामागे असल्यासारखा दिसतो. कुठलीही लेन्स, कुठलाही टीसी त्यावर उपाय नाही. टीसी ती थरथरच मोठी करून देतो. अनेकजण घरी जाऊन "टीसी सॉफ्ट आहे" म्हणतात, आणि दोष खरं तर मधल्या हवेचा असतो. दहाच्या उन्हातल्या लांबच्या फोटोंवरून कुठल्याही टेलिकन्व्हर्टरची पारख करू नका. लांबचा पक्षी लांबच राहू द्या. नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणून थव्यात बोट घालायला लावणं तर मुळीच नको. थवा उडतो, त्याचं खाणं मोडतं, आणि फोटोही पाठमोरा मिळतो.

ताडोबाला निघालात तर मी म्हणेन टीसी खोलीवरच ठेवा. जिप्सीतून वाघ बऱ्याचदा इतका जवळ असतो की १०० मिलिमीटरही जास्त होतात, आणि सकाळच्या पहिल्या फेरीत झाडांखाली उजेड कमी.

टीसीचा एक उपयोग मात्र फार कमी जण करतात. लेन्स जितक्या जवळून फोकस करते ते अंतर टीसीने बदलत नाही, पण प्रतिमा मोठी होते. माझी १००-५०० एकटी ०.३३ पट मोठेपणा देते, १.४एक्सने तो ०.४६ च्या आसपास जातो. पावसाळ्यात बांधावरचे चतुर आणि फुलपाखरं त्यांना न उठवता, दीड मीटरवरून भरून मिळतात. तिथे अपर्चर तसाही लहानच ठेवायचा असतो, त्यामुळे गेलेला स्टॉप जाणवत नाही.

लावताना

कॅमेरा बंद करा. शक्य असेल तर गाडीत बसून, काचा वर करून लावा. आपल्याकडची धूळ बारीक असते आणि एकाऐवजी दोन माऊंट उघडे पडतात. मी आधी टीसी लेन्सला लावते आणि मग ती जोडी कॅमेऱ्याला, म्हणजे सेन्सर सगळ्यात कमी वेळ उघडा राहतो. खुणेचे ठिपके जुळवा, फिरवा, खट् आवाज यायला हवा. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका. झूम कुठे आहे ते बघा, यादी पुन्हा बघा.

कॅमेरा सुरू केल्यावर अपर्चर पूर्ण उघडून आकडा वाचा. एफ/६.३ च्या लेन्सवर १.४एक्स लावून एफ/९ दिसला तर जोडी ओळखली गेली. जुनाच आकडा दिसत असेल, किंवा आकड्याच्या जागी रेघा असतील, तर काढून संपर्काच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि पुन्हा लावा.

जुना टीसी विकत घेताना पुढे आलेल्या त्या काचेवर उजेड तिरका पाडून ओरखडे बघा, माऊंटचे स्क्रू कुणी उघडलेत का ते बघा, आणि आपल्या लेन्सवर लावून हलकेच हलवा. खुळखुळ असेल तर सोडून द्या. पुढचं झाकणही मूळचंच मागा. ते खोल असतं, आणि साधं झाकण काचेला टेकतं.

पावसाळ्यात टीसी बॅगेच्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहतो आणि बुरशी आधी त्यालाच धरते. लेन्सबरोबर तोही ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि दाणे रंग बदलले की पुड्या बदलून.